त्रिशंकूखालची रात्र

फेब्रुवारी २०१८ मधील एका पहाटे यांना हृदयविकाराचा झटका आला. वेळेत रुग्णालय गाठता आले, अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले आणि पाचव्या दिवशी हे स्वतःच्या पायांनी चालत घरी आले. आप्तेष्टांच्या दृष्टीने आजारपण तेथे संपले. माझे मात्र तेथूनच सुरू झाले.

मिठाचा चमचा, तेलाची धार, सकाळच्या फेरीतील पावले, साऱ्यांवर माझी नजर बसली. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी मोटार चालवायला परवानगी दिली. मी किल्ली माझ्या पर्समध्येच ठेवली. रात्री तर दोन-तीनदा मला जाग येई आणि यांचा श्वास चालू आहे ना, हे पाहिल्याखेरीज डोळा लागत नसे. हे हळूहळू अबोल झाले. आजारपणाने माणूस शांत होतो, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

एप्रिल २०१९ मध्ये आम्ही मेलबर्नला लेकीकडे गेलो. तिने आणि जावईबापूंनी आम्हा उभयतांसाठी सहा दिवसांची एक कॅम्परव्हॅन ठरवून ठेवली होती. जेमतेम सहा मीटर लांबीच्या त्या गाडीत पलंग, शीतकपाट, दोन शेगड्या, हात धुण्याचे भांडे आणि एक चिमुकले शौचालय असा सारा संसार होता. ‘आई, तुम्ही दोघे एकत्र असे कधी फिरलाच नाहीत,’ एवढेच लेक म्हणाली. आम्हाला जायचे होते ग्रेट ओशन रोडने, ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्याला बिलगून जाणाऱ्या रस्त्याने.

टॉर्की ते अ‍ॅलन्सफर्ड असा सुमारे २४३ किलोमीटरचा हा रस्ता पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे तीन हजार सैनिकांनी बांधला. काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९३२ मध्ये पुरे झाले. परतलेल्यांना काम मिळावे आणि न परतलेल्या सोबत्यांचे स्मारक व्हावे, असा त्यामागे दुहेरी हेतू होता. कुदळ-फावड्यांनी कडा फोडत त्यांनी ही वाट काढली. ईस्टर्न व्ह्यू येथे रस्त्यावरच लाकडी कमान उभी आहे. तिच्याखालून जाताना हे म्हणाले, “बरोबर शंभर वर्षं झाली की.” मी ऐकले न ऐकलेसे केले, कारण गाडी मी चालवत होते. आपल्यासारखीच तेथेही वाहने डावीकडून जातात. पण एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशा त्या वळणांवर एवढे धूड हाकताना माझ्या मुठी चक्राला चिकटून बसल्या होत्या. शेजारी चाळीस वर्षे मोटार चालवलेला माणूस हात मांडीवर ठेवून बसला होता.

पहिला मुक्काम लॉर्नला केला. तेथे रस्त्याकडेला कोठेही गाडी लावून रात्र काढता येत नाही. व्हॅनसाठी आखलेल्या तळांवर जागा घ्यावी लागते. तेथे वीज आणि पाणी मिळते, आणि शौचालयाची पेटी रिती करण्याची सोयही असते. ते काम यांनी स्वतःकडे घेतले. “एवढं तरी करू देशील?” असे यांनी विचारले, तेव्हा मला हसू आले. त्या प्रश्नातील बोच मला नंतर कळली.

मुगाच्या डाळीची खिचडी झाल्यावर मी औषधांची डबी उघडली. यांच्या गोळ्या वारानुसार आणि वेळेनुसार लावलेल्या होत्या. मेलबर्नचे घड्याळ एप्रिलच्या त्या दिवसांत आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे असते. त्याप्रमाणे प्रत्येक गोळीची नवी वेळही मी डॉक्टरांना विचारून लिहून आणली होती. माझी रक्तदाबाची पाकिटे मात्र पिशवीत नव्हती. ती लेकीच्या घरी, उशाजवळच राहिली होती. मी गप्प राहिले. सहा दिवसांनी काय बिघडते, असे मनाशी म्हणाले. यांची एक गोळी तासभर चुकली असती, तर मी सारे रान उठवले असते!

दुसऱ्या दिवशी केनेट रिव्हरला झाडाच्या बेचक्यात झोपलेला कोआला पाहून हे लहान मुलासारखे हरखले. माझे डोके सकाळपासून ठणकत होते. संध्याकाळी अपोलो बेला पोहोचलो आणि मी लवकर पडले.

मध्यरात्र उलटल्यावर जाग आली. सवयीने हात शेजारी गेला. अंथरूण गार होते. त्या सहा मीटरांत शोधायला जागा तरी किती? दार उघडून मी अनवाणीच बाहेर पडले. तोंडातून हाक फुटेना.

हे घडीच्या खुर्चीवर बसले होते. अंगावर शाल होती आणि मान वर केलेली होती. समोर अंधारात समुद्र गाजत होता.

“अहो, काय होतंय? छातीत दुखतंय का?”

“काही होत नाही. बस. तो बघ, त्रिशंकू.”

आपल्याकडे चैत्र-वैशाखात दक्षिण क्षितिजावर जेमतेम दिसणारा तो नक्षत्रसमूह तेथे आकाशात उंच चढलेला होता. बराच वेळ कोणीच बोलले नाही. मग हे म्हणाले, “चौदा महिने माझंही तेच झालंय. आजाऱ्यांत धरावं तर डॉक्टर म्हणतात, बरा आहेस. बऱ्यांत धरावं तर तू धरू देत नाहीस.”

मी काही बोलणार, तोच यांनी हात वर केला. “रात्री तू माझ्या नाकाशी हात धरतेस. तुला वाटतं, मी झोपेत असतो. मी जागाच असतो. तुला धीर यावा म्हणून मोठ्याने श्वास घेतो. मग तू झोपलीस की उठून बसतो.”

म्हणजे एकाच पलंगावर आम्ही दोघे एकमेकांसाठी जागत होतो आणि दोघांनाही वाटत होते की दुसरा झोपला आहे. मला रडू आवरेना. रडताना डोके आणखी ठणकू लागले, आणि तेव्हा गोळ्यांचे सांगावेच लागले.

हे खुर्चीवरून उठले. इतके संतापलेले मी यांना झटक्याआधीही क्वचितच पाहिले होते. “माझ्या गोळ्यांना सात खणांची डबी, आणि तुझ्या पिशवीतच नाहीत? तू पडलीस तर माझ्या नाकाशी हात कोण धरणार?” शेवटचे वाक्य बोलताना यांनाच हसू फुटले आणि मग आम्ही दोघेही त्या थंडीत पोटभर हसलो.

सकाळी हे मला गावातील दवाखान्यात घेऊन गेले. आपल्याकडील चिठ्ठीवर तेथील दुकानदार औषध देऊ शकत नाहीत. तेथीलच डॉक्टरांनी ते लिहून द्यावे लागते. रक्तदाब १७२/९८ निघाला. गोळी अचानक थांबवली की दाब असा उसळू शकतो आणि डोकेदुखीसारख्या खुणेची वाट पाहणे धोक्याचे असते, कारण बहुतेकांना काहीच खूण जाणवत नाही, असे डॉक्टरबाईंनी समजावले. मग त्यांनी विचारले, “मागची तपासणी केव्हा झाली होती?” यांच्या प्रत्येक अहवालाची तारीख मला तोंडपाठ होती. स्वतःची आठवेना. हिशेब केला तर दीड वर्ष उलटले होते, म्हणजे यांच्या झटक्याच्याही आधी.

तो दिवस विश्रांतीत गेला. दुसऱ्या दिवशी दाब उतरणीला लागलेला पाहून डॉक्टरबाईंनी पुढे जायला संमती दिली. मी पर्समधून किल्ली काढली आणि यांच्या हातावर ठेवली. दर दोन तासांनी थांबून पाय मोकळे करायचे, एवढी एकच अट घातली.

ऑटवेच्या दाट अरण्यातून गाडी निघाली. उंच नेच्यांच्या सावल्या काचेवरून सरकत होत्या. यांनी एका हाताने आरसा नीट केला आणि शीळ घातली. ती शीळ मी चौदा महिन्यांनी ऐकत होते.

दुपारी गिब्सन स्टेप्सला पोहोचलो. कड्यात कोरलेल्या ८६ पायऱ्या उतरून पुळणीवर गेलो. वर येताना आजवर मी यांच्या पायऱ्या मोजल्या असत्या. त्या दिवशी हे माझ्या मोजत होते आणि प्रत्येक वीस पायऱ्यांना मला उभे करत होते. वर आल्यावर ट्वेल्व्ह अपोस्टल्स पाहिले. नावात बारा असले तरी चुनखडीचे ते सुळके बारा कधीच नव्हते. २००५ मध्ये एक कोसळला आणि आठ उरले. दक्षिण महासागराच्या लाटा त्यांना सतत पोखरत आहेत. हे शांतपणे म्हणाले, “कोणता केव्हा पडेल, कोण सांगणार? पहारा देऊन तो थोडाच थांबणार आहे.” मी उत्तर दिले नाही, पण ते वाक्य गाठीशी बांधले.

परतल्यावर आम्ही घरात काही नियम केले. आपापल्या गोळ्या आपण घ्यायच्या आणि रात्री जेवणानंतर दोघांनी एकमेकांना फक्त एकदाच विचारायचे. छातीत, हातात, जबड्यात काही वेगळे जाणवले तर लपवायचे नाही, लगेच सांगायचे आणि रुग्णालय गाठायचे. तपासणीला दोघांनी एकाच दिवशी जायचे. डबीही आता एकच आहे. तिच्यात एका बाजूला त्यांचे सात खण आहेत आणि दुसऱ्या बाजूला माझे.

घरातील आजारी माणसाची सेवा करणाऱ्या माझ्या भगिनींना आणि बंधूंना एवढेच विनवते, की आज रात्री औषधे काढाल तेव्हा स्वतःचे पाकीटही एकदा उघडून पाहा.

मला अजूनही कधीकधी मध्यरात्री जाग येते. पण हात आता यांच्या नाकाशी जात नाही. मी हलकेच विचारते, “जागे आहात?” आणि बहुतेक वेळा उत्तर म्हणून घोरणे ऐकू येते.