मुक्तिनाथचे टप्पे

सिरोंच्याहून परदेशी निघायचं तर आधी राज्य ओलांडावं लागतं. जिल्ह्याचं ठिकाण गडचिरोली दोनशेहून अधिक किलोमीटरवर आणि नागपूर त्याच्याही पुढे. त्यामुळे आमची वाट गोदावरीच्या पुलावरून कालेश्वर, मंथनी, करीमनगर करत हैदराबादलाच जाते. नेपाळात मुक्तिनाथला निघालेला आमचा जथाही याच वाटेने गेला. त्यात किराणा दुकानदार होते, निवृत्त गुरुजी होते आणि एका वाक्यात तेलुगू-मराठी दोन्ही बोलणाऱ्या अक्का होत्या. पुढे हैदराबाद-दिल्ली, दिल्ली-काठमांडू, काठमांडू-पोखरा, पोखरा-जोमसोम अशी चार विमानं आणि शेवटी जीप. नेपाळला जायला आपल्याला पासपोर्ट लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं. एरवी निवडणुकीपुरतं ट्रंकेबाहेर येणारं कार्ड दाखवून अक्का देशाबाहेर गेल्या.

विमानात जथा उरतच नाही. जो तो आपल्या पट्ट्यात, शेजारी कुणी भलताच. जथा पुन्हा जमतो तो उतरल्यावर. गुरुजी डोकी मोजत, एक कमी भरलं की सगळ्यांचा जीव खालीवर, आणि तो माणूस सापडला की त्याला बोल लावत पुलिहोऱ्याचा डबा उघडायचा. काठमांडूला घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं होतं. त्या पाव तासाचं काय झालं, यावर बॅगा येईपर्यंत वाद रंगला. प्रवासाचं जे काही आज आठवतं, ते सगळं अशा थांब्यांवरचं आहे. पूल नव्हते तेव्हा आमच्या नद्याही अशाच ओलांडल्या जात. नाव भरेपर्यंत घाटावर बसायचं आणि तेवढ्यात कितीतरी सोयरिकींची बोलणी व्हायची.

खरी कसोटी पोखऱ्याला लागली. जोमसोमची विमानं लहान, एकोणीस आसनांची. धौलागिरी ८,१६७ मीटर, अन्नपूर्णा ८,०९१ मीटर, आणि दोघींच्या मधल्या काली गंडकीच्या घळीतून ती जातात. दिवस चढला की या घळीत सोसाट्याचा वारा सुटतो, म्हणून उड्डाणं सकाळचीच. ढग उतरले तर तीही नाहीत. आमचे दोन गट करावे लागले. उड्डाण वीस-पंचवीस मिनिटांचं, पण आधी पोचलेल्यांना दुसरं विमान दिसेपर्यंत युग वाटलं. शेताच्या बांधावरून गावात अबोला धरलेली दोन घरं त्या थंडीत एकाच घोंगडीत बसून आभाळाकडे बघत होती.

मुक्तिनाथ हे वैष्णवांच्या १०८ दिव्यदेशांपैकी एक, म्हणून आमच्याकडच्या तेलुगू घरांना त्याची विशेष ओढ. बौद्धांनाही ते तितकंच पवित्र. १०८ धारांचं पाणी असं गार की डोक्यावर घेताना देवाचं नाव आपोआप निघतं. खाली काली गंडकीच्या पात्रात शाळिग्राम मिळतात. काळ्या दगडातलं ते चक्र म्हणजे अमोनाइट या समुद्री जीवाचा जीवाश्म. हिमालय उभा राहण्याआधी तिथे समुद्र होता, त्या ज्युरासिक काळातला. गुरुजींनी हे समजावून सांगितलं. अक्कांनी शाळिग्राम कपाळाला लावला आणि विचारलं, "गुरुजी, आपल्याकडंबी दगडात मासे निघतात न्हवं?"

निघतात. सिरोंच्याजवळच्या कोटा गावच्या चुनखडकातल्या माशांची वर्णनं एकोणिसाव्या शतकातच छापली गेली. याच परिसरातल्या अजस्र डायनोसॉरला १९७५ साली 'बारापासॉरस टागोराय' हे नाव मिळालं. त्याचा सांगाडा कोलकात्याला भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे. काळ तोच, ज्युरासिक. तरी एका दगडासाठी आम्ही चार विमानं बदलली आणि दुसऱ्यावर आमची गुरं चरतात.

यात आम्हाला नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. दगडाला देवपण एकट्या दगडामुळे येत नसावं. त्यात चार ठिकाणी मोजलेली डोकी असतात, रद्द होईल की काय या धास्तीत काढलेली पहाट असते, तुटलेलं बोलणं पुन्हा सुरू होणं असतं. दारातल्या दगडासाठी यातलं काहीच करावं लागत नाही. उलट एप्रिल २०२२ मध्ये आमच्या प्राणहिता नदीचा पुष्कर झाला. बारा वर्षांनी येणारा हा बारा दिवसांचा सोहळा. दूरदूरचे लोक गाड्या बदलत, मुलांना हाताशी धरून सिरोंच्याच्या घाटावर आले आणि ज्या पाण्यात आम्ही रोज कपडे धुतो, त्यात त्यांनी डोळे मिटून बुड्या मारल्या. त्यांचं मुक्तिनाथ आमच्या दारात होतं.

परतल्यावर सगळ्यांनी मिळून वडधमच्या जीवाश्म उद्यानात जायचं ठरवलं. अजून जमलेलं नाही. तासाभराचीही वाट नाही, मध्ये कुठे थांबावं लागत नाही, त्यामुळे कुणालाच घाई नाही. गुरुजी म्हणतात, निदान चालत तरी जाऊ. वाटेत दोन मुक्काम पडले, तर सगळे येतील.