धनत्रयोदशीची शिकार

"मामा, आता तुम्हीच सांगा. यातली कोणती घेऊ?"

भाच्याने हा प्रश्न टाकला तेव्हा आम्ही अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात, ब्रुकिंग्ज गावच्या एका दुकानात उभे होतो. समोर दोन बंदुका आडव्या ठेवलेल्या. आजवर लोकांनी माझा सल्ला विचारला तो फार तर पंखा घेताना, नाहीतर मुलीचे स्थळ पाहताना! मी नुसताच खाकरलो.

भाचा तिथल्या विद्यापीठात मक्यावर संशोधन करतो. त्यामुळे त्याचे सगळे स्नेही शेतकरी, आणि तिथला शेतकरी म्हणजे शिकारी. ऑक्टोबरातल्या तिसऱ्या शनिवारी तिथे फेझंट पक्ष्याच्या शिकारीचा मोसम उघडतो. २०२५ साली तो शनिवार १८ तारखेला आला, आणि आमची धनत्रयोदशीही नेमकी त्याच दिवशी. घरी ताई चिवड्याचे पोहे भाजत होती आणि तिचे चिरंजीव बंदूक पारखायला निघाले होते.

पहिली बंदूक होती दुनळी. आपल्याकडच्या जुन्या दुनळीच्या नळ्या शेजारी शेजारी असत. हिच्या एकीवर एक. हिला ओव्हर-अंडर म्हणतात. दुसरीला नळी एकच, पण ती सेमी-ऑटोमॅटिक. एक बार उडाला की त्याच्याच जोरावर रिकामे काडतूस बाहेर फेकते आणि पुढचे नळीत ओढून घेते. चाप मात्र दर बाराला नव्याने ओढावा लागतो.

दुकानदार जुना जाणता गृहस्थ होता. एकनळीचा धक्का खांद्याला सौम्य लागतो, तीन बार हाताशी राहतात आणि किंमतही बेताची, असे त्याने सांगितले. दुनळीला बार दोनच. पण तिच्या दोन नळ्यांची तोंडे कमीजास्त आवळता येतात. एकीतले छर्रे लवकर फाकतात, दुसरीतले दूरवर एकवटून जातात. पायाशी उडालेला पक्षी पहिलीने टिपावा, लांबलेला दुसरीने. दोन्ही नळ्या एकाच जागी मारा करतील अशा जोडणे हे कसबाचे काम, म्हणून तिची किंमत चढी.

गंमत अशी, की या दोन्ही तऱ्हांवर एकाच माणसाने आपला ठसा उमटवला आहे. युटा राज्यातल्या ऑग्डेन गावच्या बंदूक-कारागिराचा मुलगा, जॉन ब्राउनिंग. आपसूक भरणाऱ्या बंदुकीचे पेटंट त्याला १९०० साली मिळाले. अमेरिकेत सौदा फिसकटला, तेव्हा १९०२ साली ती घेऊन तो बेल्जममधल्या एका कारखान्यात गेला. तीच पुढे 'ऑटो-५' म्हणून जगभर गाजली. पण म्हातारपणी त्याच माणसाने एकीवर एक नळ्यांची दुनळी आखायला घेतली. ते काम अपुरे असतानाच १९२६ साली बेल्जममध्येच तो वारला. मुलगा व्हॅल याने ते पुरे केले आणि १९३१ साली ती बाजारात आली.

हे सारे मी कौतुकाने ऐकले, पण भाच्याच्या प्रश्नाला उत्तर देईना. त्याला कारण होते, आणि ते आमच्या घरात कुणी कधी बोलत नाही.

१९६४ सालची गोष्ट. वडील सोलापूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी नोकरीला होते. रविवारी दुनळी घेऊन भीमेच्या काठी तित्तर-लाव्यांच्या मागे जात. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा तेव्हा यायचा होता; आता आपल्याकडे ही शिकार गुन्हा आहे. त्या संध्याकाळी ते परतले, "रिकामीच आहे" म्हणाले आणि बंदूक पडवीत भिंतीला टेकवून हातपाय धुवायला गेले. कुणाचा धक्का लागला कोण जाणे, बंदूक घसरली, घोडा फरशीवर आदळला आणि बार उडाला. दादा पायरीवर बसला होता. छर्रे त्याच्या डाव्या घोट्यात गेले. दादा अजून लंगडतो.

दुसऱ्याच दिवशी वडिलांनी बंदूक आणि परवाना कचेरीत जमा केला. त्याविषयी पुढे ते एकदाच बोलले, तेही वीस वर्षांनी: "उघडून बघायला हवी होती."

खरेदी लांबणीवर टाकून आम्ही दुकानाबाहेर पडलो. शनिवारी पहाटे गाडीत मी भाच्याला ही हकीकत सांगितली. दादामामा का लंगडतात, हे त्याला त्या दिवशी प्रथमच कळले. बराच वेळ तो काही बोलला नाही.

रस्ता सरळ, जमीन सपाट, आणि आभाळ एवढे मोठे, की माणसाला उगीच लहान झाल्यासारखे वाटावे. वाटेत हुरॉन गावी फेझंटाचा घरापेक्षा उंच पुतळा आहे. तिथून उत्तरेला स्पिंक परगणा. हा पक्षी मूळचा चीनकडचा. १९०८-०९च्या सुमारास शेतकऱ्यांनी तो इथे आणून सोडला, १९१९ साली याच परगण्यात पहिली शिकार झाली, ती एका दिवसापुरती, आणि १९४३ साली पाहुणा थेट राज्यपक्षी झाला! परक्या मुलखात इतके यश क्वचितच कुणाच्या वाट्याला येते, असे मी भाच्याला म्हणालो. तेवढाच तो हसला.

आमचे यजमान सत्तरीचे शेतकरी. त्यांच्या हाती वडिलांची जुनी ऑटो-५, मुलीच्या हाती ओव्हर-अंडर. दोन्ही वापरून बघ आणि मग ठरव, असे त्यांनी भाच्याला सांगितले. सगळ्यांनी केशरी जाकिटे चढवली. नियम समजावून झाले: फक्त नर मारायचा, मादीला हात लावायचा नाही. माणशी दिवसाला तीन. सकाळी दहाच्या आधी बार नाही. आणि पक्ष्याच्या खाली आभाळ दिसल्याखेरीज चाप ओढायचा नाही.

काहीजण मक्यातून हाकत निघाले, काहीजण शेताच्या टोकाला उभे राहिले. भाच्याकडे यजमानांची ऑटो-५ होती. अचानक पायाशी फडफडाट झाला आणि तांबूस-सोनेरी अंगाचा, गळ्यात पांढरे कडे घातलेला नर उसळला. भाच्याचा पहिला बार हुकला, दुसरा हुकला. पक्षी फार लांब गेला होता, तरी तिसरा उडाला. पक्षी हेलपाटला आणि दूरच्या पाणकणसात पडला. कुत्र्याने अर्धा तास शोधले. मिळाला नाही.

"मामा, दुसऱ्या बारालाच मला कळलं होतं, की आता नको," भाचा म्हणाला. "पण बोट थांबलं नाही."

यात बंदुकीचा दोष होता, असे मी म्हणणार नाही. यजमान तीच बंदूक वापरीत आणि पक्ष्यामागे एकच बार टाकीत. "तीन भरता येतात म्हणून तीन उडवलेच पाहिजेत, असं कुठे आहे?" ते म्हणाले. खरेच आहे. पण हे कळायला त्यांना पन्नास मोसम लागले होते.

मला मात्र वेगळेच काही दिसले. वाटेत तारेचे कुंपण आले. यजमानांनी काडतुसे काढली, खटका मागे अडकवला आणि रिकामी जागा दाखवली. पण ती पाहायला जवळ जावे लागले. मुलीने आपली दुनळी बिजागरीशी उघडून हातावर टाकली. शेताच्या दुसऱ्या टोकावरूनही कुणी सांगितले असते, की ही रिकामी आहे. आमच्या वडिलांचीही दुनळीच होती. पण ती मिटलेली होती.

दुपारी भाच्याने ओव्हर-अंडर घेतली. मी शेताच्या टोकाला यजमानांजवळ उभा होतो. एक नर उसळला आणि बुटका बुटका उडत सरळ आमच्याच रोखाने आला. भाच्याने बंदूक खांद्याला लावली. क्षणभर मला आमची पडवी दिसली. मग त्याने नळ्या आभाळाकडे केल्या. पक्षी आमच्या डोक्यावरून निघून गेला. यजमान पुटपुटले, "आजचा सगळ्यात चांगला नेम."

अखेरच्या हाक्यात त्याला एक नर मिळाला, एकाच बारात. लगेच त्याने बंदूक उघडली, हात उंच केला आणि लांबून मराठीत ओरडला, "मामा, रिकामी!"

संध्याकाळी घरी पोचलो. पक्षी शीतकपाटात गेला. त्या दिवशी तो शिजवू द्यायला ताई तयार नव्हती. तिने यमदीपासाठी कणकेचा दिवा केला होता. दाराबाहेर ज्योत दक्षिणेकडे करून ठेवला, पण तिथला वारा यमालाही जुमानणारा नाही. दोनदा विझल्यावर भाच्याने तो मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत ठेवला. अपमृत्यू टळो, हे मागणे मी इतक्या मनापासून पूर्वी कधी केले नव्हते.

सोमवारी आम्ही पुन्हा दुकानात गेलो. भाच्याने ओव्हर-अंडर घेतली. दुकानदार ती खोक्यात घालू लागला, तेव्हा भाच्याने त्याला थांबवले, ती उघडली आणि माझ्यापुढे धरली. एकसष्ट वर्षांत मी बंदुकीला हात लावला नव्हता. नळ्या खिडकीकडे करून मी पाहिले. दोन वाटोळ्या उजेडात रस्त्यावरचे पिवळे झाड दिसत होते.

उघड्या बंदुकीचा फोटो दादाला पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आले, एका ओळीचे: "बाबांना दाखवायला हवी होती."