धावून चरबी उतरते, गाठ नाही

पोलीस भरतीच्या तयारीसाठी माझा भाचा चिखलदऱ्याला माझ्याकडे येऊन राहिला. सुमारे १,१०० मीटर उंचीवरचे हे गाव. इथल्या चढावर धावले की दम वाढतो. चार महिन्यांत त्याचे वजन ९ किलो उतरले, पोट आत गेले. तरी तो कोणासमोर बनियन काढेना. शेवटी म्हणाला, "मामाजी, पोट गेलं, पण छाती काऊन नाही गेली? भरतीत उघडी छाती मोजतेत. मी नाही जात."

त्याला अमरावतीला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी बोटांनी चाचपून समजावले : पुरुषाची छाती दोन कारणांनी वाढते. नुसती चरबी असेल तर ती वजनाबरोबर उतरते. स्तनाग्राखाली रबरासारखी चकती लागत असेल तर ती ग्रंथी; ती धावून वितळत नाही. वयात येताना संप्रेरकांच्या बदलाने ती पुष्कळ मुलांना होते आणि बहुधा ६ महिने ते २ वर्षांत ओसरते. जुनी होऊन घट्ट झालेली मात्र ऑपरेशननेच निघते. काही औषधे, शरीर कमावण्याची इंजेक्शने, दारूने बिघडलेले यकृत हीही कारणे असतात.

भाच्याची चरबी गेली होती, चकती उरली होती. त्याच्या मेहनतीत कसूर नव्हती, हे ऐकूनच त्याचा चेहरा उजळला. अर्ज त्याने त्याच आठवड्यात भरला.

पालकांनो, मुलगा उकाड्यातही बनियन काढत नसेल तर "अजून धाव" म्हणण्याआधी त्याला डॉक्टरांना दाखवा. एकाच बाजूला कठीण गाठ असेल किंवा स्तनाग्रातून स्राव येत असेल तर मुळीच थांबू नका. स्तनाचा कर्करोग क्वचित पुरुषांनाही होतो.