पाणी पिणारा पाट
(काठाकाठानं : भाग ४)

सोमवार, ट्रिंग

इथलं स्टेशन गावापासून चांगलं लांब. कालवा मात्र हाकेच्या अंतरावर. टेकडी चिरून काढलेल्या खोल वाटेतून टोपाथनं, म्हणजे कालव्याकाठच्या पायवाटेनं, निघाले. दोन्हीकडून झाडं वाकलेली, पाणी काळंभोर.

हा ग्रँड जंक्शन कालव्याचा माथा. लंडनकडून येणारी नाव लॉकच्या, म्हणजे दारं लावून पाणी चढवा-उतरवायच्या हौदांच्या, पायऱ्या चढत इथवर येते आणि पलीकडे उतरते. प्रत्येक नाव दोन्ही अंगांना एकेक लॉकभर पाणी खाली सोडून जाते; एका लॉकमध्ये दोन-सव्वादोन लाख लिटर. टेकडीच्या माथ्यावर एवढं पाणी आणायचं कुठून?

उत्तर होतं वेंडोवर. चिल्टर्न टेकड्यांच्या पायथ्याचे झरे. तिथून डोंगराच्या अंगाअंगानं, एकही लॉक न घालता, जवळपास अकरा किलोमीटरचा पाट काढला. खोदतोच आहोत तर नावा जातील एवढा रुंद करू, असंही ठरलं. 1797 मध्ये पाणी खेळू लागलं.

मंगळवार, लिटिल ट्रिंग

बलबोर्नला हा पाट, म्हणजे वेंडोवर आर्म ही शाखा, मुख्य कालव्यातून फुटतो. पिठाची गिरणी, मग पंपघर, मग नॅरोबोट वळवायची रुंद जागा. तिथं पाणी संपतं. पुढे नुसता चर.

घात केला खडूनं. या टेकड्या खडूच्या. पाऊस पोटात घेतात आणि पायथ्याशी झरे सोडतात. पण पाटही त्याच मुलखातून गेलेला. कालवलेली चिकणमाती तळाला थापली, तरी गळती थांबेना. शाखा आणि माथा एकाच पातळीवर, त्यामुळे उफराटंच झालं : माथ्याला पाणी पाजायला काढलेली शाखा माथ्याचंच पाणी पिऊ लागली. मग तिला अडवायला इथं एक लॉक बांधावं लागलं! शेवटी 1904 मध्ये मधला तुकडा कोरडा सोडला आणि झऱ्यांचं पाणी नळातून विल्स्टन तलावात वळवलं.

मी प्रवरेच्या डाव्या कालव्यावर वाढले. आमच्याकडे पाटाच्या पाझराला कुणी फारशी नावं ठेवत नाही. त्या पाझरावर विहिरी भरतात. टेलचा, म्हणजे पाटाच्या शेवटाचा, शेतकरी ठेवतो, पण त्याचं ऐकतो कोण?

बुधवार, कोरडा तुकडा

काल टोपाथवर भेटलेल्या आजोबांनी श्रमदानाला बोलावलं होतं. ही शाखा पुन्हा वाहती करायला वेंडोवर आर्म ट्रस्ट 1989 साली निघाला, आणि 2005 मध्ये लिटिल ट्रिंगपर्यंत पुन्हा नावा आल्या. आता पुढचा तुकडा. चरात दहा-बारा जण, बहुतेक निवृत्त, गुडघ्यापर्यंत चिखलात. मला हातमोजे दिले आणि काँक्रीटचे ठोकळे उचलायच्या रांगेत उभं केलं.

काम समजायला सोपं, करायला कंबरतोड. चर साफ करून आकारात आणायचा, तळाला बेंटोनाइटची चटई अंथरायची. दोन कापडांच्या मध्ये कोरडी माती भरलेली; पाणी लागलं की फुगते आणि छिद्रं बुजवते. वरून माती, काठाला ठोकळे. म्हणजे पुन्हा चिकणमातीच, फक्त कापडात शिवलेली. दोनशे वर्षांपूर्वी पायांनी तुडवून जे साधलं नाही, ते आता गुंडाळी उलगडून साधतंय. हे बघून त्या पहिल्या खोदणाऱ्यांची कीव आली.

चहाच्या सुट्टीत आजोबांनी विचारलं, “तुमच्याकडे गळती कशी थांबवतात?”

“भांडतो,” मी म्हटलं. ते इतके हसले की बिस्कीट चहात पडलं.

गुरुवार, वेंडोवर

आज उगमाकडे चालले. ड्रेटन बीचमपासून पाणी पुन्हा दिसतं, तेच नळात शिरण्याआधीचं. हॅल्टनजवळ रॉथशिल्डांच्या एकेकाळच्या इस्टेटीतला नक्षीदार लोखंडी पूल. एवढ्याशा पाटावर असला थाट जरा जास्तच. वेंडोवरला तळाचा खडान्‌खडा दिसेल इतकं नितळ पाणी, बदकं, आणि नाव एकही नाही. यायला वाटच नाही.

कालचा चिखल बुटांवर वाळलाय. स्टेशनच्या फरशीवर पाय हलवला की पांढरी रेघ उमटते.