हवा बिघडली की आठवतो आरोग्यविमा

दिवाळीनंतर थंडी पडू लागली, की धूर आणि धूळ जमिनीलगत साचून राहतात आणि माझ्या दवाखान्यात खोकल्याचे रुग्ण वाढतात. औषधे लिहून झाली, की हमखास एक प्रश्न येतो, "डॉक्टर, मेडिक्लेम काढून टाकावा म्हणतो. कोणता चांगला?" एप्रिलमध्ये हे क्वचितच कुणी विचारते.

असा विचार तुमच्याही मनात आला असेल, तर त्यात नवल नाही. टॉम चँग, वेई हुआंग आणि योंगशियांग वांग या अर्थतज्ज्ञांनी चीनमधील एका विमा कंपनीच्या नोंदी रोजच्या हवेशी ताडून पाहिल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले, की प्रदूषण एका प्रमाण विचलनाने वाढले, तर त्या दिवशी आरोग्यविम्याची विक्री ७.२ टक्क्यांनी वाढते. पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. विनाखर्च रद्द करण्याच्या मुदतीत हवा तेवढीच सुधारली, तर पॉलिसी परत करण्याची शक्यता ४ टक्क्यांनी वाढते! आज जे जाणवते तेच उद्याही राहील, असे आपले मन धरून चालते.

फुप्फुसांचा हिशेब मात्र वर्षांचा असतो. २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. सीओपीडी, हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग यांचा धोका ते हळूहळू वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या शिफारशीनुसार या कणांची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या आत हवी. आपल्याकडचे मानक ४० आहे. म्हणजे आकाश निळे दिसले तरी हवा शुद्ध असेलच असे नाही.

विम्याचे नियमही तुमच्या खोकल्याप्रमाणे चालत नाहीत. नव्या पॉलिसीत अपघात सोडल्यास पहिले ३० दिवस आजारासाठी सहसा पैसे मिळत नाहीत. आधीपासूनच्या आजारासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. माझे एक रुग्ण वर्षानुवर्षे रिक्षा चालवत होते. धाप लागू लागली, तपासणीत सीओपीडी निघाला आणि मग त्यांनी पॉलिसीची चौकशी केली. पॉलिसी मिळाली, पण ज्या आजाराची भीती होती त्यासाठी ३ वर्षांची वाट पाहणे आले. शिवाय हप्ताही वाढला.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे. विमा घ्यायचाच असेल, तर तब्येत ठणठणीत असताना घ्या. दमा किंवा इतर आजार असेल तर फॉर्मवर लपवू नका, नाहीतर ऐन वेळी दावा नाकारला जाऊ शकतो. घेतलेली पॉलिसी हवा स्वच्छ झाली म्हणून बंद करू नका. आणि खोकला तीन आठवड्यांहून जास्त टिकला, तर विमा एजंटच्या आधी डॉक्टरांना भेटा.