दूर्वांची धार

गेल्या वर्षी भाद्रपदाच्या तोंडावर आईने सकाळी दूर्वांची एक जुडी माझ्यापुढे धरली. प्रत्येक काडीचे टोक फाटलेले, तपकिरी पडलेले. "हे देवाला वाहायचे का रे?" एवढेच ती म्हणाली.

आमच्या कमरीपेठेतील घरामागे लहानसे परसू आहे. त्यातील गवताला मी मोठ्या तोऱ्याने 'लॉन' म्हणतो, आई हरळी म्हणते, आणि बरोबर तीच आहे. उष्ण मुलखात हिरवळीसाठी पुष्कळ ठिकाणी लावतात ती ही दूर्वाच. गुन्हेगार होते अप्पांनी जुन्या बाजारातून आणलेले, हाताने ढकलण्याचे गवतयंत्र. अप्पा त्याला घरीच धार लावीत. ते गेल्यावर सहा वर्षांत मी एकदाच, सायकलवर सहाण फिरविणाऱ्या एका कारागिराकडे ते दिले. त्याने इमानाने प्रत्येक पात्याला विळीसारखी धार काढली, आणि यंत्र होते त्याहून बिघडले! दोष त्याचा नव्हे, समजून न घेता काम सांगणाऱ्याचा.

हे यंत्र विळी नव्हे, कात्री आहे. पिळदार पात्यांचे नळकांडे फिरते, खाली एक आडवे पाते स्थिर असते. दोन्ही कडा जेमतेम भिडल्या तरच काडी स्वच्छ कापली जाते. इंग्लंडात स्ट्राउड गावी एडविन बडिंगने १८३० साली याचे पेटंट घेतले. लोकरी कापडावरची लव कातरणारे गिरणीतले यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली. कडा बोथट झाल्या किंवा त्यांत फट पडली की गवत कापले न जाता ओरबाडले जाते आणि टोके वाळतात.

माळ्यावर अप्पांचा पत्र्याचा डबा सापडला. त्यात कुरुंदाच्या पुडीचा तेलकट लेप होता, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले, ग्रीस फासलेले एक नवे खालचे पाते! जुन्याची कड गोल झाली आहे हे त्यांनी केव्हा ओळखले असेल, कोण जाणे. मी बराच वेळ तो कागद हातात धरून बसलो होतो.

गंजलेल्या स्क्रूंवर रात्रभर रॉकेल ठेवले. नवे पाते बसविताना स्क्रू मधल्यापासून बाहेर आवळत गेलो. मग एक चाक काढून, कडांना लेप फासून नळकांडे उलटे फिरविले. सुलटे फिरविल्यास कडा कापू पाहतात, उलटे फिरविल्यास एकमेकींना घासतात. त्या कारागिराने लोखंड फार खाल्ले नव्हते, म्हणून दोन संध्याकाळींत निभावले. आधी तुटक खरखर, मग अखंड सळसळ. लेप पुसला, दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखे पिळले आणि कागदाची पट्टी लांबीभर ठिकठिकाणी धरून पाहिली. सगळीकडे कापली गेली.

शेवटी घाई नडली. एक पाते पुसताना दुसरे फिरून अंगठ्यावर आले. "सावकास रे पुता," आई दारातून म्हणाली, पण तोवर उशीर झाला होता. सोमवारी धारवाडला खंडपीठापुढे पट्टी बांधलेल्या अंगठ्याने कागद चाळताना प्रतिपक्षाच्या वकिलांनी चौकशी केली. गवत कापीत होतो, हे त्यांना खरे वाटले नाही.

चतुर्थीला आईने एकवीस जुड्या आधी खुडल्या. तोवर यंत्र भिंतीशी उभे होते. तुळशीजवळचा कोपरा तर तिने कायमचा राखून ठेवला आहे.

लेप अजून अर्धा डबा आहे. माळ्यावर नवे पाते मात्र आता नाही. ते कोठे मिळते, याची विचारपूस चालू आहे.