गाठ काढली, मग सुया कशाला?

आमचे थोरले भाऊ मूल तालुक्यात धानाची शेती करतात. दोन वर्षांपासून त्यांना बांधावर चढतानाही दम लागे. रक्त तपासले की कमीच. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे रक्त कमी म्हटले की सिकलसेल, हे ठरलेले. भाऊंच्या जुन्या तपासणीत 'एएस' लिहिलेही होते. एका दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळत गेल्या आणि आम्हीही गप्प बसलो. एएस म्हणजे नुसता वाहक. तेवढ्याने रक्त सहसा कमी होत नाही. विहारात सिकलवर बोलणाऱ्या आम्हाला हे सुचू नये! आमच्या वाडवडिलांनी १९५६ साली देवऋषी सोडला, पण न तपासता धरलेली समजूत आमच्याकडून सुटली नव्हती.

पोटात उजवीकडे गाठ हाताला लागली तेव्हा नागपूर गाठले. दुर्बिणीच्या तपासणीत मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला. तिथूनच डोळ्यांना न दिसता रक्त झिरपत होते.

शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाला. (२०१२ साली ही योजना जीवनदायी नावाने आली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत गडचिरोली होते.) सर्जननी नुसती गाठ काढली नाही. आतड्याला पळसाच्या पानासारखा पडदा असतो. त्यातल्या शिरांलगत लसिकाग्रंथी असतात. रोग आधी जवळच्या ग्रंथींत शिरतो, मग शिरांच्या मुळाकडे सरकतो. म्हणून आतड्याचा उजवा भाग पडद्यासकट मुळापर्यंत काढला आणि उरलेली टोके जोडली.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. चौदा ग्रंथी तपासल्या, दोनमध्ये रोग. डॉक्टरांनी केमोथेरपी सांगितली. भाऊ म्हणाले, "गाठ तं काहाडली ना, मंग सुया कायले?" वहिनींनीही मान डोलावली.

आम्ही म्हटले, "भाऊ, पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते ना? तसाच हा रोग ग्रंथींपर्यंत पोहोचला. पुढे गेला असेल तर डोळ्याने दिसायचा नाही. सुया त्याच्यासाठी." डॉक्टर निदान बारा ग्रंथी पाहतात, हेही सांगितले. आम्ही हिशेबाचे कारकून. चार पावत्या पाहून वही बरोबर आहे असे कोणी म्हटले तर आम्ही सही करणार नाही.

भाऊ बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारले, "नागपूरची गाडी कितीले हाये?"

तिसरी सुई परवा झाली. सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावे, असे डॉक्टर म्हणाले. आम्ही चाळिशी ओलांडलेली. आमच्या दुर्बिणीची तारीख पुढच्या मंगळवारची आहे.